इराणच्या सफवी घराण्यातल्या शाह अब्बासने, ज्याने गादीवर बसवलं त्याच मुर्शिद कुली खानाला मारलं, हा कृतघ्नपणा होता की राजकारण?

कृतघ्नपणा. राजकारण वगैरे मागाहून चिकटवलेलं.

इराणच्या ईशान्येकडच्या खुरासानात अब्बासचा तेव्हाचा पालक अली कुली खान शामलू याच्याशी लढून उस्ताजलू टोळीच्या मुर्शिदने हा पोरगा आपल्या ताब्यात घेतला. बाप शाह मुहम्मद खुदाबंदा डोळ्यांनी अधू, लष्कर घेऊन बाहेर गेलेला. मुर्शिदने 1587 मध्ये सोळा वर्षांच्या अब्बासला थेट राजधानी काझवीनमध्ये आणून बसवलं. बापाच्या शिपायांची बायकापोरं काझवीनमध्येच, मग लढणार कोण? बापाने मुकुट उतरवून दिला. मुर्शिद झाला 'वकील', म्हणजे कोर्टातला नव्हे, शाहच्या वतीने सगळा कारभार बघणारा. आणि 1589 मध्ये अब्बासच्याच हुकुमाने त्याचा खून! अकबराने बैरामखानाला निदान हजला तरी धाडलं होतं.

आमच्या हार्डवेअरच्या दुकानाची मी आठ वर्षं 'वकील' होते. बाबा गेले तेव्हा भाऊ चौदाचा. खिळे तोलून द्या, पाइपवाल्याची उधारी थोपवा, गवंड्यांशी हुज्जत घाला, सगळं मीच. भाऊ बावीसचा झाला आणि एका सोमवारी शटरला नवं कुलूप. मी दोनदा किल्ली फिरवून पाहिली, वाटलं गंज धरला असेल. समोरचा चहावाला मान खाली घालून कप विसळत राहिला. संध्याकाळी फोन आला, "ताई, आता तू आराम कर." आई म्हणाली, दुकान शेवटी त्याचंच ना. गरज सरो, वैद्य मरो.

तेव्हा 'अब्बास द ग्रेट' मला सांगू नका.

हां, मुर्शिद काही साधू नव्हता. उझबेकांनी अली कुली खानाच्या ताब्यातल्या हेरात शहराला वेढा घातला तेव्हा कुमक वेळेवर गेली नाही, शहर पडलं आणि अली कुली खान मारला गेला. जुन्या वैऱ्याचा काटा परस्पर निघावा म्हणून मुर्शिदनेच चालढकल केली, असा संशय होता. शिवाय अब्बासच्या आईला 1579 मध्ये किझिलबाश, म्हणजे मुर्शिदसारख्या तुर्कमान टोळ्यांच्या, सरदारांनीच मारलेलं. अशा पोराने कुणावर विश्वास ठेवायचा? पुढे त्याने जॉर्जियन, आर्मेनियन, चेर्केस अशा कॉकेशसकडच्या गुलामांची फौज वाढवून या सरदारांचा जोरच मोडला. परीक्षेसाठी हवं असेल तर एवढं लिहा, मार्क मिळतील.

आणि बावीस वर्षांचा होईपर्यंत मी भावाला एका चेकवरही सही करू दिली नव्हती, हेही खरं. पण म्हणून कुलूप? समोर बसून किल्ली मागायची होती.

उधारीची वही अजून माझ्याकडे आहे. हवी असेल तर त्याने स्वतः यावं.