कार्यालयात पूर्ण अंध सहकारी रुजू होणार आहेत, आम्ही काय तयारी ठेवावी?

आधी कार्यालयाचा मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवतो त्या पद्धतीत आणा आणि त्यांच्या संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम टाका. तो मोफत आहे आणि मराठीही वाचतो. मी रोज अशाच सहकाऱ्याशेजारी बसून काम करते, म्हणून फॉन्टचा मुद्दा सर्वांत आधी. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र आपल्याला नीट ‘महोदय’ दिसतं, पण फाइलीच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, आणि स्क्रीन रीडर तीच वाचत सुटतो. व्हॉट्सॲपवर टाकलेला परिपत्रकाचा फोटो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. सोबत मूळ वर्ड फाइल पाठवा, एवढं तरी नक्की कराच. हेडफोन द्या. कपाट, खुर्ची हलवली तर लगेच सांगा.

सरकारी कार्यालय असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार योग्य त्या सोयी देणं बंधनकारक आहे, त्यामुळे मागणी लेखी द्यायला संकोचू नका.

मात्र काहीही विकत घेण्याआधी त्यांनाच विचारा. अनेकांचा हात जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरवर बसलेला असतो, कुणाला ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोटांनी वाचता येईल अशा उठावाच्या ठिपक्यांत दाखवणारं उपकरण लागतं.