वाचकांचे प्रश्न : टोपणनाव, करार आणि गुपित

प्रश्न : मी समीक्षक म्हणून माझ्या नावाने लिहिते. गेली काही वर्षं स्त्रीच्या शरीरसुखाविषयीच्या कथा टोपणनावाने लिहिल्या आहेत. आता एका दिवाळी अंकाने दोन मागितल्या आहेत. गाव लहान, सासरे देवस्थानाच्या कमिटीवर. नाव फुटू नये आणि हक्कही जाऊ नयेत, यासाठी काय करावं?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : टोपणनाव छापायला द्या, करार मात्र खऱ्या नावाने, लेखी आणि सहीनिशी करा. त्यात ‘अमुक टोपणनावाने लिहिणारी व्यक्ती मीच’ हे वाक्य हवंच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५४ नुसार, लेखकाची ओळख जाहीर किंवा सिद्ध होईपर्यंत दावा लावताना टोपणनावाच्या साहित्याचा मालक प्रकाशक धरला जातो. पुढे त्याच्याशीच बिनसलं तर हे एक वाक्य कामी येतं. दिवाळी अंकाला फक्त एकदा छापण्याची परवानगी द्या. पुस्तक, भाषांतर, ऑडिओचे हक्क स्वतःकडे राखल्याचं लिहा. हक्क हस्तांतरित केलेत आणि मुदत लिहिली नाही, तर कायदा ती ५ वर्षं धरतो.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. शुल्क एका साहित्यकृतीला ५०० रुपयेच आहे, पण नोंदवही कुणालाही पाहता येते, म्हणून तूर्त करू नका. स्वतःलाच रजिस्टर्ड पाकीट पाठवून पुरावा करण्याची पद्धतही कुचकामी. पाकीट उघडं पाठवून नंतर भरता येतं. तारखांसकट जपलेले कच्चे खर्डे आणि संपादकांशी झालेले ईमेल अधिक भक्कम.

गुपित फुटतं ते बहुधा साध्या गोष्टींतून. लेखकाची प्रत अंकाच्या छापील पाकिटातून घरी येते आणि ती कुणासाठी, हे पोस्टमन आधी ओळखतो. प्रत साध्या पाकिटात, शहरातल्या मैत्रिणीच्या पत्त्यावर मागवा. मानधन खऱ्या नावाच्या खात्यातच येणार, तेव्हा ते नाव संपादक आणि हिशेबनीस यांच्यापलीकडे जाऊ नये असं करारात घाला. वर्ड फाइलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून तुमचं नाव आपोआप बसतं. पाठवण्याआधी ते पुसा.

सर्वांत धोकादायक असतो कथेतला तपशील. शिमग्याला पालखी आधी कुणाच्या अंगणात थांबते, हे जसंच्या तसं आलं की वाडी ओळखलीच म्हणून समजा. आणि समीक्षकाची भाषा! आपल्या शेवटच्या दहा लेखांतले लाडके शब्द काढा आणि कथांमध्ये शोधा. सापडतील तिथे बदला, मात्र कथेचा सूर मोडत असेल तर राहू द्या, कथा आधी.

टोपणनाव खटल्यापासून वाचवत नाही. अश्लीलतेचं कलम आता भारतीय न्याय संहितेत २९४ आहे. साहित्यहितासाठीच्या प्रकाशनाला त्यात अपवाद आहे. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या ‘शामा’ कथेसाठी उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेले लेखक चंद्रकांत काकोडकर १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात सुटले. खटल्याची वेळच येऊ नये म्हणून संपादकांशी आधीच मोकळेपणाने बोला.

तुमच्यासारख्याच पेचात फ्रान्सच्या लेखिका डॉमिनिक ऑरी होत्या. गालिमार प्रकाशनात काम, नाव प्रतिष्ठित, आईवडील घरात. ‘पोलीन रेआज’ या नावाने १९५४ साली आलेली त्यांची ‘स्टोरी ऑफ ओ’ ही कामुक कादंबरी पुरुषानेच लिहिली असणार, असं अनेकांना वाटलं. संशय प्रस्तावना लिहिणाऱ्या जाँ पोलाँवरही गेला. ऑरींनी १९९४ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी जाहीर कबुली दिली. आपल्याकडे १९३३ च्या ‘कळ्यांचे निःश्वास’वर वादळ उठलं, तेव्हा ‘विभावरी शिरूरकर’ म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे वाचकांना ठाऊक नव्हतं. दोघींच्या प्रकाशकांनी तोंड घट्ट ठेवलं. तसा माणूस निवडणं हेच यातलं निम्मं काम.

राहिला वारसांचा प्रश्न. टोपणनावाच्या साहित्याचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्या मुदतीत ओळख उघड झाली तर तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मिळतो. करार आणि खर्डे चिपळूण किंवा रत्नागिरीच्या वकिलाकडे बंद पाकिटात ठेवा आणि मृत्युपत्रात त्याचा उल्लेख करा. नाहीतर त्या कथा आपल्या आईच्या होत्या, हे मुलांना कळणारच नाही.