सायकलचा पॉवर मीटर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळा ओसरू लागला की सायकलींविषयीची पत्रे वाढतात, हा दर वर्षीचा अनुभव आहे. या खेपेस आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच उपकरणाविषयी, म्हणजे सायकलस्वाराची शक्ती वॅटमध्ये मोजणाऱ्या पॉवर मीटरविषयी असल्यामुळे हे पान पूर्णपणे त्यालाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे वगळली असून पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी ४२ वर्षांचा असून म्हापशात नोकरी करतो. चार वर्षे रोड सायकल चालवतो आहे. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशा अंतराच्या ट्रायथलॉनची तयारी करायची आहे. हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा माझ्याकडे आहे. तो असताना पॉवर मीटरवर खर्च करावा का? करायचा झाल्यास पेडलचा, क्रँकचा (पेडल ज्या दांड्याला जोडलेले असते त्याचा) की मागच्या हबचा (चाकाच्या मधल्या भागाचा)? घरात एक जुनी माउंटन बाइकही आहे.

उत्तर : आधी पट्ट्याविषयी. ठोके हा शरीराने कष्टाला दिलेला प्रतिसाद आहे, प्रत्यक्ष कष्ट नव्हे. चढ लागताच पायांचा जोर तत्काळ वाढतो, ठोके मात्र अर्ध्या-पाऊण मिनिटाने मागून येतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या हवामानाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेसातलाच हवा दमट आणि जड झालेली असते. घाम वाहतो पण वाळत नाही, रक्तातील पाण्याचा अंश घटतो, त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते आणि जोर तेवढाच ठेवूनही तासाभरात ठोके वर सरकत जातात. ठोक्यांवर विसंबणारा सायकलस्वार अशा वेळी आपण अधिक मेहनत करत आहोत असे समजतो, प्रत्यक्षात तो तेवढाच जोर लावत असतो किंवा कधी कधी त्याहूनही कमी. वेगाचा आकडा तर किनाऱ्यालगत फारच फसवा ठरतो. सपाट रस्त्यावर वाऱ्याचा अडथळा तोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ३० वरून ३३ किलोमीटरवर जाण्यास त्या अडथळ्यापुरती सुमारे ३३ टक्के अधिक शक्ती खर्च होते. त्यात समोरून खारा वारा सुटला तर वेगावरून काहीच कळत नाही.

पॉवर मीटर पेडलवर पडणारा पिळाचा जोर आणि पाय फिरण्याची गती यांचा गुणाकार वॅटमध्ये दाखवतो. त्याच्या पोटात स्ट्रेन गेज असतात. धातूचा भाग केसाइतका वाकला तरी त्यावर चिकटवलेल्या या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून जोर काढता येतो. जर्मन अभियंते उलरिख शोबरर यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या एसआरएम या कंपनीने क्रँकवरचा मीटर प्रचारात आणला आणि तत्त्व आजही तेच आहे. ९० किलोमीटरच्या सायकलीनंतर २१ किलोमीटर धावायचे असल्यामुळे पहिल्या तासात उत्साहाच्या भरात किती शक्ती उधळली जाते हे ज्याला तत्क्षणी दिसते, त्याचे पाय शेवटच्या टप्प्यात शाबूत राहतात. म्हणून तुमच्या उद्दिष्टासाठी हा खर्च मला योग्य वाटतो. पट्टा मात्र टाकून देऊ नका. वॅट तेवढेच असताना ठोके किती वाढले, ही तुलनाच तुम्हाला उष्णतेविषयी सर्वांत जास्त शिकवील.

आता जागेविषयी. हबमधील मीटर नव्याने शोधत बसू नका. त्याने तुम्ही एका चाकाला बांधले जाता आणि निवडही आता फार उरलेली नाही. राहिले क्रँक आणि पेडल. क्रँकच्या स्पायडरमधील मीटर, म्हणजे चेनरिंग (साखळी ओढणारी पुढची दातेरी चक्रे) ज्याला जोडलेल्या असतात त्या मधल्या भागातला मीटर, दोन्ही पायांचा जोर एकत्र मोजतो. तो एकदा बसवला की त्याला हात लावावा लागत नाही. क्वार्क आणि एसआरएम यांची ओळख याच प्रकाराने झाली. परंतु तो घेण्यापूर्वी बॉटम ब्रॅकेटचा (क्रँक ज्यात फिरतो त्या फ्रेममधील बेअरिंगचा) प्रकार, चेनरिंगच्या बोल्टांची मांडणी आणि फ्रेमशी राहणारी फट हे तिन्ही जुळते का, ते मेकॅनिकला विचारलेच पाहिजे. पेडलमधील मीटर, उदाहरणार्थ फाव्हेरोचे असिओमा किंवा गार्मिनचे रॅली, दहा मिनिटांत एका सायकलीवरून दुसऱ्या सायकलीवर नेता येतात. तुमच्या दोन सायकलींचा विचार करता मोह पेडलचाच होईल, पण आधी आपले बूट पाहा. रस्त्याच्या सायकलीचे बूट तीन बोल्टांच्या क्लीटचे (तळव्याखालच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्टीचे) आणि माउंटन बाइकचे दोन बोल्टांचे असतील तर एकच पेडल दोन्हीकडे चालणार नाही. माउंटन बाइक तुम्ही बाजारहाटासाठी वापरत असाल तर तिच्यासाठी मीटरची गरजच नाही. सराव एकाच रोड सायकलीवर होणार असेल आणि क्रँक जुळत असेल तर मी स्पायडर घेईन. ती सायकल विमानाने न्यायची असेल किंवा वर्षभरात बदलायची असेल तर पेडल घेईन.

प्रश्न : मी फोंड्यात शिक्षिका आहे. दोन्ही बाजूंचा मीटर माझ्या आवाक्याबाहेर आहे. फक्त डाव्या क्रँकवर बसणारा मीटर घेतला तर पैसे वाया जातील का? दुकानदार म्हणतात की त्याची अचूकता एक टक्क्याची आहे.

उत्तर : पैसे वाया जाणार नाहीत. मात्र तो एक टक्का कशाचा आहे, हे नीट समजून घ्या. तो डाव्या पायाने लावलेल्या जोराच्या मोजमापाचा आहे. उजवा पाय मोजलाच जात नाही, डावीकडचा आकडा दुप्पट करून दाखवला जातो. समजा तुम्ही एकूण २०० वॅट लावत आहात आणि त्यात डाव्या पायाचा वाटा ४८ टक्के आहे. डावा पाय ९६ वॅट देतो, पडद्यावर १९२ दिसतात. ही तूट रोज सारखीच राहिली तर सरावासाठी काही बिघडत नाही, कारण तुम्ही स्वतःची तुलना स्वतःशीच करणार आहात. अडचण अशी की अनेकांच्या पायांचा समतोल दमल्यावर किंवा जोर वाढल्यावर बदलतो, आणि मग दोन तासांनंतर घसरलेला आकडा थकव्यामुळे घसरला की डावा पाय मागे पडल्यामुळे, हे कळत नाही.

म्हणून माझा सल्ला तुमच्या पायांवर अवलंबून आहे. गुडघ्याची किंवा घोट्याची जुनी दुखापत असेल तर एका बाजूचा मीटर घेऊ नका, पैसे साठेपर्यंत थांबा. तसे काही नसेल तर निःशंक घ्या. एका बाजूची पेडलही मिळतात आणि त्यांपैकी काहींमध्ये दुसरी बाजू पुढे जोडता येते. अशी जोड देता येते का, हे खरेदीपूर्वी लेखी विचारा. क्रँक घेणार असाल तर त्याची लांबी सध्याच्या उजव्या क्रँकइतकीच हवी. १६५, १७० किंवा १७२.५ मिलिमीटर हा आकडा क्रँकच्या आतल्या बाजूस कोरलेला असतो.

सरावाचे टप्पे ठरवण्यासाठी २० मिनिटांची चाचणी घ्या. त्या २० मिनिटांच्या सरासरी वॅटचे ९५ टक्के म्हणजे तुमची तासाभर टिकणारी शक्ती, जिला सर्वजण एफटीपी म्हणतात. तिच्या ५६ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान तुमचे बहुतेक किलोमीटर व्हायला हवेत. फोंडा-पणजी रस्त्यावर बस आणि चौकांमुळे ही चाचणी होणे कठीण आहे. पहाटे केरीहून चोर्ला घाट चढायला घ्या, २० मिनिटे न थांबता जोर लावता येईल असा तो रस्ता आहे. दक्षिणेकडे राहणाऱ्यांना करमल घाट जवळ पडेल, मात्र तेथे महामार्गाची रहदारी सांभाळावी लागते.

प्रश्न : वास्कोत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. येथे सायकलीच्या साखळीला आठवड्यात गंज धरतो. इतके महाग इलेक्ट्रॉनिक उपकरण पावसात आणि खाऱ्या हवेत टिकेल का?

उत्तर : टिकते, पण काळजी घेणाऱ्याकडेच. माझ्या स्वतःच्या क्रँकवरील मीटर एका श्रावणात अचानक बंद पडला. झाकण उघडले तेव्हा बटणाएवढ्या सीआर२०३२ बॅटरीखालचा पत्रा हिरवा पडलेला होता. झाकणाची रबरी कडी मी बॅटरी बदलताना तिरकी बसवली होती आणि तेवढ्या फटीतून दोन महिने ओलावा आत जात राहिला. तेव्हापासून दर वेळी ती कडी पुसून, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवून, नीट खोबणीत बसली आहे हे पाहिल्याखेरीज मी झाकण लावत नाही.

जाहिरातीत आयपीएक्स७ असे लिहिलेले दिसेल. त्याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडाले तरी पाणी आत शिरत नाही, इतकाच आहे. खाऱ्या पाण्याची किंवा गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याची हमी त्यात नसते. डोंगराकडच्या रस्त्यांवरील तांबडा चिखल आणि किनाऱ्यावरचे मीठ दोन्ही गोड्या पाण्याच्या संथ धारेने त्याच दिवशी धुवावे आणि फडक्याने कोरडे करावे. घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवू देणाऱ्या यंत्रावर, सराव करताना ठिबकणारा घामही खाराच असतो, हे बहुतेक जण विसरतात.

पेडल घेणार असाल तर आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण तिच्यापायी चांगले क्रँक वाया गेलेले मी पाहिले आहेत. पेडलचा आस पोलादाचा, क्रँक बहुधा ॲल्युमिनियमचा आणि मध्ये खारा ओलावा, अशी गाठ पडली की दोन धातू एकमेकांना खातात आणि पेडल कायमचे अडकून बसते. दर दोन-तीन महिन्यांनी पेडल सोडवा, आटे पुसा, ग्रीस लावा आणि ठरवून दिलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) पुन्हा आवळा. डाव्या पेडलचे आटे उलट असतात, हे सोडवताना लक्षात ठेवा. पुन्हा बसवल्यावर दोन-चार जोरदार दौडी मारून मगच शून्य लावा, म्हणजे पेडलवर जोर नसतानाचा आकडा शून्य धरायला मीटरला सांगा, कारण पेडल पूर्ण बसेपर्यंत आकडे थोडे हलतात.

चार्ज होणाऱ्या मीटरमध्ये बॅटरीचे झाकण नसते, म्हणून तुमच्यासारख्यांना तोच बरा. परदेशातून मागवण्याऐवजी भारतात अधिकृत विक्रेता असलेली कंपनी निवडा. बिघडलेला मीटर परत पाठवताना सीमाशुल्क आणि कुरिअर यांत स्वस्ताईची बचत संपून जाते.

प्रश्न : मडगावच्या घरी स्मार्ट ट्रेनरवर सराव करतो. पेडल २०० वॅट दाखवतात त्याच क्षणी ट्रेनर १८२ दाखवतो. खरे कोणाचे मानायचे?

उत्तर : थोडा फरक असणारच. पेडल शक्ती उगमापाशी मोजतात, ट्रेनर ती साखळी आणि गिअरमधून गेल्यावर. त्या वाटेत दोन ते चार टक्के, म्हणजे २०० वॅटला ४ ते ८ वॅट, खर्ची पडतात. त्यावर पेडलांची एक टक्का आणि ट्रेनरची दोन टक्के चूक विरुद्ध दिशांना धरली तरी फरक १४ वॅटच्या वर जाऊ नये. तुमचे १८ आहेत, तेव्हा काहीतरी चुकते आहे.

पहिला संशय क्रँकच्या लांबीचा घ्या. पेडलच्या मीटरला ती ॲपमधून सांगावी लागते. क्रँक १७० मिलिमीटरचा असताना १७५ नोंदवले असेल तर आकडा जवळजवळ तीन टक्क्यांनी फुगतो. दुसरा संशय शून्याचा. तापमान बदलले की धातू प्रसरण पावतो आणि स्ट्रेन गेजला तो जोर वाटतो. बहुतेक मीटर ही चूक स्वतः सावरून घेतात, तरी वातानुकूलित खोलीतून सायकल थेट उन्हात काढत असाल तर दहा-पंधरा मिनिटे ती बाहेर उभी करा आणि पेडलवर पाय न ठेवता शून्य लावा. मागचे चाक रुळावर टेकवायचा ट्रेनर असेल तर दहा मिनिटे चालवून तो गरम झाल्यावर त्याचेही कॅलिब्रेशन करा. अंडाकृती चेनरिंग असतील तर तेही आम्हाला कळवा, कारण एका फेरीत पायाची गती सारखीच राहते असे गृहीत धरणारे मीटर त्यांवर काही टक्के जास्त दाखवतात.

हे सर्व करूनही आठ-दहा वॅट उरले तर त्यांच्यामागे लागू नका. सरावाच्या ॲपला ट्रेनरऐवजी पेडलचा आकडा वाचायला सांगा, म्हणजे घरातले २०० वॅट आणि कोलव्याच्या रस्त्यावरचे २०० वॅट एकाच मापाचे होतील.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची आहे, साखळी या गावाहून रोज सायकल चालवते आणि शर्यतींत उतरू इच्छिते. तिच्यासाठी कोणता मीटर घ्यावा?

उत्तर : अजून घेऊ नका. तिची उंची वाढते आहे, वर्ष-दोन वर्षांत क्रँकची लांबी आणि कदाचित सायकलही बदलावी लागेल. तेच पैसे तिच्या मापाची सायकल, चांगले टायर आणि हेल्मेट यांवर खर्च व्हावेत.

शक्ती मात्र आजही काढता येईल. ज्याची उंची नकाशावरून ठाऊक आहे असा एक चढ निवडा. समजा दोन किलोमीटरच्या चढावर ती १०० मीटर वर जाते, तिचे आणि सायकलीचे मिळून वजन ६० किलो आहे आणि वेळ ८ मिनिटे लागतो. ६० गुणिले ९.८ गुणिले १००, भागिले ४८० सेकंद, म्हणजे सुमारे १२२ वॅट केवळ वजन वर नेण्यात गेले. टायरचे घर्षण, हवा आणि साखळीतील घट यांचे आणखी २५ ते ३० वॅट धरा. वारा पडलेला असताना, त्याच टायरांत तेवढीच हवा भरून, पंधरा दिवसांतून एकदा हा चढ तिला चढू द्या आणि वेळ तिलाच वहीत लिहू द्या. दिवाळीपासून होळीपर्यंतच्या नोंदी झाल्या की ती वही आमच्याकडे पाठवा, तिच्या सरावाविषयी पुढचे त्यावरून ठरवू.