आजोबांच्या भजनाची वही

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

श्रावणात आजोबांना ८० वर्षे पुरी होतात, हातात ३०० रुपये आहेत आणि काहीतरी स्वतःच्या हाताने करून द्यायचे आहे, असे तू लिहिलेस. फोटोंची चौकट करू की रंगीत कागदाचे कार्ड, असेही विचारलेस. मी मात्र तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीवर अडलो. ‘हल्ली आजोबा भजनाला वही नेतात, पण उघडत नाहीत. टाळ घेऊन मागे बसून म्हणतात.’ जो माणूस इतकी वर्षे पुढे बसून अभंग उचलायचा, तो मागे सरकला. एखादा चरण निसटला तर वहीत बघावे लागेल, आणि बघितले तरी दिसणार नाही, ही धास्ती असणार त्यांना.

बाय, तू त्यांना वही करून दे. त्यांचीच वही, त्यांना दिसेल अशी.

माझ्या बाबांसाठी मी एकदा अशी वही केली होती. नोकरीचे पहिलेच वर्ष होते. गुळगुळीत पांढरा कागद आणला, सुवाच्य अक्षर काढले, आणि छापील गाथा शेजारी ठेवून बाबांच्या जुन्या वहीतले सगळे ‘अशुद्ध’ सुधारले. काही ठिकाणी शब्द बदलले, चरणांचा क्रमही लावला. बाबांनी वही डोळ्यांना लावली, दोन पाने उलटली आणि म्हणाले, ‘‘बरी जाल्या. पूण म्हाका हातूंतलें म्हणूंक येना.’’ (बरी झाली आहे, पण मला यातले म्हणता येत नाही.) ती कपाटात राहिली. देवळात शेवटपर्यंत जुनीच वही गेली. त्यांनी ते अभंग पुस्तकातून घेतलेच नव्हते, ते त्यांच्या वडिलांच्या तोंडून आले होते. चाल त्याच शब्दांवर बसली होती. मी शब्द हलवला की तालाची सम हुकत होती. हे मला कळले तेव्हा बाबा नव्हते.

म्हणून आजोबांच्या वहीत जसे आहे तसे उतर. ‘नाहीं’, ‘कांहीं’ यांच्यावर अनुस्वार दिसतील, ते चुकीचे नाहीत. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले तेव्हा न उच्चारले जाणारे हे अनुस्वार गेले. आजोबा त्याआधी, पोर्तुगीज अमदानीत, मराठी अक्षरे गिरवायला शिकलेले. ते टिंब त्यांच्या डोळ्यांच्या सवयीचे आहे, राहू दे. समासात ‘भूप’, ‘भीमपलास’ असे रागाचे नाव असेल, कुठे फुली, कुठे रेघ असेल. तेही उतर. आपल्याकडच्या भजनाला मनोहरबुवा शिरगावकरांसारख्यांनी रागदारीची बैठक दिली, त्यामुळे गोव्यातल्या जुन्या भजनकऱ्याच्या वहीत समासही वाचावा लागतो. कळले नाही तर अंदाज करू नकोस. आजीला विचार, नाहीतर आजोबांच्या मेळातल्या पेटीवाल्याला गाठ. वही रात्री मागून घे, मोबाईलवर पानापानाचा फोटो काढ आणि सकाळी जागेवर ठेव.

आता मांडणी. भजनात त्यांचे दोन्ही हात टाळांत असतात, मधेच पान उलटता येत नाही. तेव्हा एक अभंग एका पानावर किंवा समोरासमोरच्या दोन पानांवर संपलाच पाहिजे. उरलेली जागा कोरी राहिली तर राहू दे. अक्षर सुमारे एक सेंटिमीटर उंचीचे काढ आणि दोन ओळींत मोकळी जागा ठेव. धृपदाखाली लाल रेघ मार, म्हणजे नजर पटकन परत येईल. शाई काळीच. लिहून वाळल्यावर ओले बोट फिरवून बघ. पसरली तर ते पेन घेऊ नकोस, पावसाळ्यात देवळात सगळ्यांचेच हात ओले असतात. कागद किंचित पिवळसर आणि बिनचकाकीचा, हिशेबाच्या वह्यांचा जाड लेजर कागद चालेल. गुळगुळीत कागदावर देवळातल्या ट्यूबलाईटची तिरीप पडते आणि पांढऱ्या डागाखेरीज काही दिसत नाही.

क्रम गाण्याचा ठेव: आधी रूपाचा, म्हणजे देवाच्या रूपाचे वर्णन करणारा अभंग, मग बाकीचे अभंग, गौळणी, शेवटी भैरवी. प्रत्येक विभागाच्या पहिल्या पानाच्या कडेला कापडाची लहानशी जीभ चिकटव, ती बोटाला लागली की पान सापडते.

शिवण हा यातला माझा जिव्हाळ्याचा भाग, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो. विकतची वही मधे उघडली की आपोआप मिटायला बघते. दोऱ्याने शिवलेली वही जमिनीवर सपाट पडून राहते, आणि आपल्याला नेमके तेच हवे. चार मोठे ताव एकात एक घालून मधे दुमड, की १६ पानांचा एक जुडगा झाला. असे पाच जुडगे पुरेत. दुमडण्याआधी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघ. ज्या दिशेने तो सहज वाकतो त्याच दिशेने घडी पडली पाहिजे. उलट पडली तर दमट हवेत पाने लाटांसारखी उठतात. घडीवर दाभणाने पाच भोके पाड, सगळ्या जुडग्यांना एकाच मापाची. जाड सुती दोरा मेणबत्तीवरून दोनतीनदा ओढून घे, म्हणजे तो गुंतत नाही आणि गाठ सरकत नाही.

पुठ्ठा विकत आणू नकोस, जुन्या खोक्याचा दुहेरी करून चिकटव. चिकटवायला मैद्याची खळ: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायची. जुने बांधणीकार तिच्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. ते विषारी असते. माझ्यासमोरच घालू, आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकात जायचे नाही.

वरून कापड आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे लाव. तिला आधी विचार. कुठले द्यायचे ते तिला ठरवू दे, त्यात तिचाही वाटा होईल. पातळ कापडातून खळ वर येऊन डाग पडतात, म्हणून त्याला आतून पातळ कागद चिकटवून वाळवायचा आणि मग पुठ्ठ्यावर चढवायचे. तयार वही दोन पाटांमध्ये घालून वर वरवंटा ठेव. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, आषाढात चार दिवस धर आणि मधला रद्दीचा कागद रोज बदल, नाहीतर बुरशी धरते.

जुनी वही कुणाला टाकू देऊ नकोस. धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून नव्या वहीबरोबरच त्यांच्या हातात दे. आणि शेवटचा अख्खा जुडगा कोरा सोड. अजून काही अभंग त्यांच्या तोंडात असतील जे कधी लिहिलेच गेले नाहीत. एखाद्या संध्याकाळी ते म्हणतील, तू लिहून घे.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोला दामोदराचा सप्ताह लागतो, आजोबा दरवर्षी जातात असे तूच सांगितले होतेस. अखंड चोवीस तास चालणाऱ्या भजनात पहाटे तीनला पाठांतर असलेल्यांचाही चरण निसटतो. त्याआधी वही हातात पडायला हवी, तेव्हा वाढदिवसाची वाट बघू नकोस. रोज तीन अभंग उतरलेस तर वेळेत होईल.

रविवारी दुपारनंतर ये. दाभण आणि मेण माझ्याकडे आहे. येताना उतरलेली पहिली दहा पाने घेऊन ये. आपण ती मोठ्याने वाचून जुन्या वहीच्या फोटोंशी ताडून बघू, आणि मगच शिवायला घेऊ.

तुझे,
मास्तर