मॉनिटर, कीबोर्ड नसताना रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू कसा चालू करायचा? कार्डात फाईल टाकली तरी वायफायवर येत नाहीये

तुम्ही लिहिलंय की या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डच्या मेमरी कार्डात, बूट भागात (जिथून तो चालू होतो), एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कने आत शिरून कमांड द्यायची सोय) नावाची रिकामी फाईल टाकली, डब्ल्यूपीए सप्लिकंटची वायफायवाली, म्हणजे वायफायचं नाव-पासवर्ड असलेली, फाईल पण टाकली, हिरवा दिवा लुकलुकतो पण राउटरच्या यादीत पाय काही दिसत नाही. तुमचं काही चुकलं नाहीये, तुम्ही वाचलेली पद्धत जुनी झालीय. मी याच बोर्डवर दोन रात्री घालवल्यात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पायच्या ओएसची बुकवर्म ही आवृत्ती आली तेव्हापासून वायफाय सांभाळायचं काम नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रामकडे गेलं, आणि बूट भागात टाकलेल्या त्या जुन्या फाईलला आता कोणी विचारत नाही. त्याच्या आधी एप्रिल २०२२ मध्ये 'पाय' हा तयार युजर आणि त्याचा 'रास्पबेरी' हा पासवर्ड पण काढून टाकला. हे चांगलंच केलं, तो पासवर्ड सगळ्या जगाला पाठ होता. पण त्यामुळे तुमचं वायफाय लागलं असतं तरी आत जाता आलं नसतं, कारण आत युजरच नाही.

आता असं करा. लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर (कार्डावर ओएस लिहिणारा प्रोग्राम) नव्याने उतरवून घ्या, जुना असेल तर तो वापरू नका. बोर्ड, मग ओएस (स्क्रीन नाहीये म्हणून डेस्कटॉप नसलेलं लाईट व्हर्जन घ्या, या बोर्डवर ५१२ एमबीच रॅम आहे), मग कार्ड निवडा आणि कार्ड लिहायच्या आधी तो कस्टमायझेशनचं विचारतो तिथे घाई करू नका, सगळा खेळ तिथेच आहे. होस्टनेम (नेटवर्कवर बोर्डचं नाव), युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव नि पासवर्ड, वायफायचा देश इंडिया, आणि एसएसएच चालू. एसएसएच २०१६ पासून मुळात बंदच येतं, ते विसरलात तर परत कार्ड काढावं लागेल.

माझ्या दोन रात्री गेल्या त्या वायफायच्या नावात. झिरो २ डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, ५ त्याला दिसतच नाही. माझा लॅपटॉप ५ जी शेपूट असलेल्या नावाला जोडलेला होता, इमेजरने तेच नाव आपोआप भरलं आणि मी बघितलंच नाही, पाय बिचारा रात्रभर न दिसणारं नेटवर्क शोधत बसला. तुमच्या राउटरवर दोन नावं असतील तर साधं, २.४ वालं नाव हाताने टाईप करा, कॅपिटल-स्मॉल अक्षरं जशीच्या तशी. गेस्ट नेटवर्क टाळा, तिथे बऱ्याचदा एका डिव्हाइसला दुसरं दिसू देत नाहीत.

कार्ड लिहून झाल्यावर विंडोज कधीकधी म्हणतं डिस्क फॉरमॅट करा, अजिबात करू नका, लिनक्सचा भाग त्याला वाचता येत नाही म्हणून तसं विचारतं. बोर्डवर दोन मायक्रो यूएसबी आहेत, पॉवरची वायर पीडब्ल्यूआर लिहिलेल्या पोर्टमध्ये. पहिल्या वेळी पाच मिनिटं तरी हात लावू नका, तो कार्डभर जागा पसरवतो, स्वतः रिस्टार्ट होतो, मध्येच वायर काढली तर कार्ड बिघडू शकतं.

मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएसएच, स्पेस, तुमचं युजरनेम, अॅटचं चिन्ह, होस्टनेम आणि त्याला चिकटून डॉट लोकल. विंडोज १० पासून एसएसएच सहसा आतच असतं, पुट्टीसारखा वेगळा प्रोग्राम लागत नाही. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, कीबोर्ड बंद पडला असं समजू नका, टाईप करून एंटर मारा. डॉट लोकलने सापडला नाही तर राउटरच्या पानावर डीएचसीपीच्या यादीत (राउटरने कोणाला कोणता पत्ता दिला ती यादी) आयपी, म्हणजे बोर्डचा पत्ता, बघून होस्टनेमच्या जागी तो टाका.

दुसऱ्यांदा कार्ड लिहिलंत की होस्टची ओळख बदलली अशी मोठी वॉर्निंग येईल. कार्ड तुम्हीच लिहिलंय तर घाबरायचं कारण नाही, एसएसएच-कीजेन या कमांडला कॅपिटल आर ऑप्शन (-R) देऊन पुढे होस्टनेम टाकलं की जुनी नोंद जाते.

बंद करताना मात्र आधी सुडो पॉवरऑफ ही कमांड द्या, हिरवा दिवा पूर्ण थांबू दे, मगच वायर काढा.