लाल औषधाचं पाणी किती गुलाबी हवं?

प्रश्न: सासूबाईंच्या घोट्याजवळ एक्झिमा झालाय, सारखं पाणी वाहतं. स्किनच्या डॉक्टरांनी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात पाय बुडवायला सांगितलंय. मी चिमूटभर पूड बादलीत टाकली तर पाणी एकदम वांग्याच्या रंगाचं झालं आणि त्यांच्या पायाची नखं चॉकलेटी पडली. काही चुकलं का?

उत्तर: हो ताई, चिमूट जास्त झाली. हे म्हणजे आपल्या आजीआजोबांच्या वेळचं विहिरीत टाकायचं लाल औषध, अंगावर खूपच पातळ करून वापरायचं असतं, साधारण एका लिटरला 100 मिलिग्रॅम, म्हणजे 400 मिलिग्रॅमची गोळी असेल तर ती अख्ख्या चार लिटरला. घरी एवढं बारीक वजन कोण करणार, म्हणून पूड असेल तर टूथपिकच्या टोकावर येतील तेवढेच कण टाका आणि पूर्ण विरघळू द्या, पाणी फिकट गुलाबी झालं की बास. न विरघळलेला एक कण जरी कातडीला चिकटला तरी तिथे भाजतं. दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवायचे, त्याआधी नखांना व्हॅसलीन चोपडायचं म्हणजे डाग धरत नाही. आता पडलाय तो हळूहळू जाईल, घासत बसू नका. गुलाबी पाणी तपकिरी झालं की त्यातला दम संपला, मँगनीज डायऑक्साइड उरतं, ते फेकून ताजं करा, कालचं पाणी आज नको. आणि जखम सुकली की थांबायचं, नाहीतर कातडी कोरडी होऊन तडकते. बादली प्लास्टिकची जुनीच घ्या, नवीन स्टीलची घेतलीत तर सासूबाई माझ्या नावाने खडे फोडतील!

औषध कपाटात ठेवताना मात्र लक्ष द्या. ही गोळी कुणी पोटातली समजून गिळली तर तोंड-घसा भाजतो, सूज येऊन श्वास अडकू शकतो. इंग्लंडमध्ये अशा चुका झाल्या म्हणून 2022 मध्ये तिथल्या हॉस्पिटलांना खास सूचना काढावी लागली होती. ग्लिसरीनच्या बाटलीशेजारीही नको, दोघं एकत्र सांडले तर काडी न लावता पेट घेतात.

प्रश्न: गावाकडे साप चावल्यावर चिरा देऊन हेच भरायचे, खरंय का?

उत्तर: भरायचे, पूर्वी पुस्तकांतही होतं. विष उतरत नाही, मांस मात्र जळतं. पाय न हलवता थेट दवाखाना गाठा, तिथे अँटिव्हेनम मिळतं.