आजाराने पाय गेला म्हणून नोकरी जात नाही

प्रश्न : माझे पती नगरपरिषदेत व्हॉल्व्हमन आहेत. मधुमेहामुळे त्यांचा एक पाय गुडघ्याखालून काढावा लागला. 'हा कामावरचा अपघात नाही. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करा, नाहीतर काढून टाकू,' असं कार्यालयातून सांगतात. सही करावी का?

उत्तर : ताई, सही अजिबात करू नका. कागद पुढे केलाच, तर 'घरी वाचून सांगतो' म्हणून त्याची प्रत मागून घ्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) नुसार, सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. नगरपरिषदही यात येते. अपंगत्व कामावर आलं की आजाराने, हे कायदा विचारतच नाही. नोकरीच्या काळात आलं, एवढं पुरे.

व्हॉल्व्ह फिरवत गावभर हिंडणं यापुढे जमणार नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसरं पद द्यायला हवं. आवक-जावक, पाणीपट्टीचं टेबल, भांडार, बसून करण्याजोगी कामं तिथे असतातच. तशी जागाच नसेल, तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांच्या वरच्या जादा पदावर ठेवण्याची तरतूद आहे.

१९९५ च्या जुन्या कायद्यातही हे संरक्षण होतं. पाय गमावलेल्या कुणाल सिंग या कॉन्स्टेबलला आजारपणाचं निवृत्तिवेतन मंजूर झालं होतं. तेवढ्यावरून संरक्षण नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलं. पण स्वेच्छानिवृत्तीचं तसं नाही. तो अर्ज तुमच्याच सहीचा असतो, मग 'आम्ही काढलंच नाही' म्हणायला ते मोकळे. ही घाई त्यासाठीच चालली असावी, आणि आजारी माणसाला असं कोंडीत पकडणं मला संतापजनक वाटतं.

जिल्हा शासकीय रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र घ्या. कलम २०(४) चा उल्लेख करून मुख्याधिकाऱ्यांकडे पर्यायी पदासाठी लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. दाद लागली नाही, तर कलम २३ खाली आस्थापनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. त्याने तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत करायची असते. पुढे जिल्हास्तरीय समिती आणि पुण्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. आयुक्त फक्त शिफारस करतात, त्यामुळे बडतर्फीचा आदेशच हातात पडला तर थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करा.

आणि रजा संपत आली असेल, तर वैद्यकीय दाखला जोडून आजच मुदतवाढ मागा. विनापरवाना गैरहजेरीचं कारण त्यांच्या हाती देऊ नका.